बुरूज बांधण्यापूर्वीचा हिशेब

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने एक छोटासा दृष्टान्त सांगितला आहे. एखाद्याला बुरूज बांधायचा असेल, तर तो आधी स्वस्थ बसून खर्चाचा हिशेब करतो आणि काम शेवटास नेण्याइतके आपल्यापाशी आहे की नाही, हे पाहतो. पाया घालून काम अर्धवट राहिले, तर येणारेजाणारे त्याची थट्टा करतात. हा दृष्टान्त आपण बहुधा शिष्यत्वाच्या किमतीविषयी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. त्याचा रोख तिकडेच आहे. परंतु शिष्यत्वासारखी गहन गोष्ट समजावून सांगताना प्रभूने जमाखर्चाचे उदाहरण घ्यावे, हेही विचार करण्याजोगे आहे. हिशेब करण्याने श्रद्धेला उणेपणा येत असता, तर गुरूने हिशेब करणारा मनुष्य शिष्यांपुढे ठेवला नसता.

आज आपल्या नांदेड-लातूर भागातील घराघरांतून ज्या बुरुजाची स्वप्ने पाहिली जातात, तो पुष्कळदा परदेशात बांधायचा असतो. कोणाच्या मुलाला पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला किंवा कॅनडाला जायचे असते, कोणाची मुलगी परिचारिका होऊन आखाती देशात जाण्याच्या तयारीत असते, तर कोणी चालक म्हणून, कोणी गवंडी म्हणून निघालेला असतो. बाप्तिस्म्याचा दाखला आणि आशीर्वाद घेण्यासाठी ही मंडळी धर्मगुरूकडे येतात. कागदपत्रांची फाईल जाड असते, फीचा आकडा तोंडपाठ असतो. परंतु 'तिथे राहायला महिन्याला किती लागेल?' असे विचारले, की उत्तर बहुधा एकच येते : 'तिथे गेल्यावर बघू, फादर. देव आहे.'

देव आहे, याविषयी मला शंका नाही. प्रश्न असा आहे, की ज्या हिशेबाला आपण स्वतः बसायचे टाळले, तो देवावर सोपविणे ही श्रद्धा आहे काय? आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. परदेशातील राहणीचा खर्च आधी काढणे, ही केवळ व्यवहाराची बाब आहे, की सदसद्विवेकाची? माझ्या मते ती सदसद्विवेकाची बाब आहे. चुकीच्या अंदाजाची किंमत अंदाज करणारा क्वचितच एकटा भरतो. ती सहसा दुसऱ्याच्या ताटातून काढली जाते.

आपल्या भागाला हे नवे नाही

घर सोडून राहण्याचा खर्च काय असतो, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. दहावीच्या निकालानंतर मुखेड, कंधार, अहमदपूर, उदगीर अशा तालुक्यांतून मुले लातूरला किंवा नांदेडला शिकवणीसाठी येतात. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती महाराष्ट्रभर आहे. पण तो पॅटर्न पेलणाऱ्या घरांना ठाऊक असते, की शिकवणीची फी हा खर्चाचा एक भाग आहे. खोलीचे भाडे, अनामत रक्कम, खानावळ, पुस्तके, आजारपण, गावाकडची ये-जा हे सारे माहितीपत्रकात छापलेले नसते. कित्येक घरांतून आई मुलाबरोबर लातूरला खोली करून राहते आणि दोन वर्षे एका घराच्या दोन चुली होतात. त्या दुसऱ्या चुलीचा खर्च कोणी सांगत नाही; तो घरातल्यांनाच कळतो.

दुसरे उदाहरण याहून कडू आहे. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. निघण्यापूर्वी नवरा-बायको मिळून, म्हणजे एका कोयत्यामागे, मुकादमाकडून उचल घेतात. घेताना ती रक्कम मोठी वाटते. लग्न निघते, दवाखाना भागतो. मग हंगामभर राबून ती फेडावी लागते, आणि फिटली नाही, तर पुढचा हंगामही तिच्यापोटी लिहिला जातो. हातात आधी पडलेला पैसा ही मिळकत नसून आपल्याच पुढच्या श्रमांची विक्री आहे, हे ऊसतोड करणाऱ्याला आकडेमोड न शिकताही कळते. परदेशासाठी कर्ज काढताना सुशिक्षित माणसाला मात्र त्याचा विसर पडतो.

आखातात जाणाऱ्यांच्या बाबतीत हे साम्य अगदी जवळचे आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या भरती एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. याहून अधिक मागणारा मनुष्य नोकरी मिळवून देत नसतो, तो नोकरी विकत असतो. त्याला दिलेले लाखभर रुपये सावकाराकडून आणले असतील, तर पहिले वर्षभर तो कामगार घरासाठी कमावत नाही, व्याजासाठी कमावतो. ही उचलच होय; फक्त मुकादम बदललेला असतो.

आकडे काय सांगतात

श्रद्धेच्या नियतकालिकात आकडे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सत्य हे पुष्कळदा आकड्यांतच राहते, म्हणून थोडे आकडे पाहू.

जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला एका विशेष खात्यात वर्षाच्या राहणीखर्चाची रक्कम आधीच ठेवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तरी ती सुमारे बारा लाख रुपये होते. या खात्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पैसा विद्यार्थ्याचाच असतो. पण तो एकदम काढता येत नाही. तिथे पोहोचल्यावर दरमहा ठरलेला हप्ताच हाती येतो. कॅनडाने राहणीखर्चाची अट बरीच वर्षे १०,००० डॉलरवर ठेवली होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ डॉलर झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर. म्हणजे जवळजवळ चौदा लाख रुपये. शिक्षणाची फी आणि प्रवास यांहून वेगळा, हा एका माणसाच्या वर्षाच्या राहण्या-जेवण्याचा अंदाज आहे.

अट एकाएकी दुपटीहून अधिक का वाढली? कारण जुना आकडा खोटा ठरला होता. घरभाडे आणि अन्नधान्य महाग झाले होते. दहा हजार डॉलर घेऊन उतरलेली मुले एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती आणि धर्मादाय अन्नवाटपाच्या रांगेत उभी राहत होती. सरकारी आकडा गाठला म्हणजे हिशेब पुरा झाला, असे समजणाऱ्यांची ती फसगत होती.

सरकारी आकड्यात नसलेल्या गोष्टीही लक्षात घ्याव्यात. खोली घेताना द्यावी लागणारी अनामत, थंडीचे कपडे, आरोग्य विम्याबाहेरचा दवाखाना, आणि घरी कोणी आजारी पडले तर तातडीने परतण्याचे तिकीट. 'काम करून भागवू' असे मुले म्हणतात. त्या कामालाही मर्यादा आहे. नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडात शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २४ तासच बाहेर काम करता येते. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. काम मिळेलच आणि पहिल्याच महिन्यात मिळेल, असे धरून केलेला अंदाज म्हणजे पाऊस पडण्याआधीच बाजारात सोयाबीन विकण्यासारखे आहे.

मग कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. शेतजमीन त्या सहसा घेत नाहीत. कारण थकलेल्या कर्जापोटी शेतजमिनीवर २००२ चा सरफेसी कायदा लागू होत नाही. तेव्हा शहरात घर किंवा प्लॉट नसलेल्या शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात : जमीन विकणे, नाहीतर अधिक व्याजाचे खासगी कर्ज. समजा, वीस लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी सुरुवातीलाच काढले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि नंतरचे सवलतीचे एक वर्ष, अशा तीन वर्षांत सरळव्याजानेच ६ लाख ६० हजार रुपये चढतात. मग २६ लाख ६० हजारांची फेड दहा वर्षांत करायची म्हटली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३६,६०० रुपये येतो. मुलाला तिथे नोकरी लागली, तर हा हप्ता सोपा आहे. लागली नाही आणि तो परतला, तर नांदेडला किंवा लातूरला मिळणाऱ्या पहिल्या पगारातून तो कसा भरायचा, हा प्रश्न आधी विचारायचा असतो, नंतर नव्हे.

रुपयाची घसरणही हिशेबात धरावी लागते. २०१० साली एक अमेरिकी डॉलर सरासरी पंचेचाळीस-सेहेचाळीस रुपयांना मिळत होता. २०२४ च्या अखेरीस त्याला पंच्याऐंशी रुपये मोजावे लागत होते. तिथला खर्च तेवढाच राहिला, तरी इथून पाठवायचे रुपये वाढत जातात.

वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, किरगिझस्तान यांसारख्या देशांत जाणाऱ्यांचा हिशेब आणखी लांब आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथे बारा महिन्यांचे प्रशिक्षण, परतल्यावर पात्रता परीक्षा आणि पुन्हा इथे बारा महिन्यांचे प्रशिक्षण, एवढे झाल्यावर डॉक्टरला नोंदणी मिळते. डिसेंबर २०२३ आणि जून २०२४ या दोन्ही सत्रांत त्या परीक्षेत साधारण पाचातला एकच उत्तीर्ण झाला. म्हणजे परतल्यानंतरची शिकवणी आणि बिनपगारी वर्षे हीदेखील खर्चाचीच बाजू आहे. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध कोसळले, तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थ्यांना, त्यांत आपल्या भागातल्याही मुलांना, शिक्षण अर्धवट टाकून 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी परतावे लागले. युद्धाचा अंदाज कोणी करू शकत नाही. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीच्या भूकंपाचा कोणी केला नव्हता. पण अनपेक्षित असे काही घडू शकते, एवढे हिशेबात धरता येते. ज्याने शेवटचा रुपयाही पणाला लावला, त्याने आपल्या बुरुजात वाऱ्याला जागाच ठेवली नाही.

दाखवण्यापुरता पैसा

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. काही देश विद्यार्थ्याच्या किंवा पालकांच्या खात्यातील शिल्लक पाहतात. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे आवश्यक ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. या नियमामुळे एक धंदा उभा राहिला आहे. महिनाभरासाठी कोणी ओळखीचा किंवा सावकार खात्यात पैसा ठेवतो, त्यावर मोबदला घेतो, बँकेचा दाखला निघतो आणि एकोणतिसाव्या दिवशी पैसा परत जातो. याला कोणी चोरी म्हणत नाही. 'सगळेच करतात', 'कागद पुरा करायचा असतो', 'कोणाचे काय नुकसान झाले?' असे म्हटले जाते. प्रामाणिक, रविवारची मिस्सा न चुकविणारी माणसेही असे म्हणतात. म्हणून याचा नीट विचार केला पाहिजे.

आठव्या आज्ञेकडे बोट दाखवून 'हे असत्य आहे' एवढे म्हणणे सोपे आहे, आणि ते खरेही आहे. पण हे असत्य कोणाशी बोलले जाते? वरवर पाहता परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याशी. तो आपल्याला ओळखत नाही आणि कागद पुढे सरकवल्यावर विसरूनही जातो. परंतु त्या अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न काय होता? 'हे मूल तिथे वर्षभर काय खाईल, कुठे झोपेल?' हा प्रश्न खरे तर आईवडिलांनीच विचारायचा होता. त्या प्रश्नाला आपण भाड्याच्या पैशाने उत्तर दिले. अधिकारी फसला की नाही, कोण जाणे. पण मूल मात्र त्या खोट्या आकड्यावर विसंबून विमानात बसले. एकोणतिसाव्या दिवशी पैसा सावकाराकडे गेला आणि उपास मुलाच्या वाट्याला आला.

संत थॉमस अक्विनास यांनी विवेक या सद्गुणाची चर्चा करताना त्याची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत मागच्या अनुभवाची आठवण आहे, जाणत्यांकडून शिकून घेण्याची नम्रता आहे, भोवतालच्या परिस्थितीचे भान आहे आणि दूरदृष्टी आहे. दूरदृष्टीसाठी त्यांनी वापरलेला लॅटिन शब्द 'प्रोविदेन्सिया' हाच देवाच्या पालनकर्तेपणासाठीही वापरतात. तेव्हा पुढचे पाहून तरतूद करणारा मनुष्य देवाच्या कामात ढवळाढवळ करीत नाही. देवाच्याच एका गुणात तो आपल्या कुवतीप्रमाणे सहभागी होतो. त्याच विवेचनात पुढे संत थॉमस विवेकासारख्या दिसणाऱ्या एका दोषाची ओळख करून देतात, तो म्हणजे धूर्तपणा. धूर्त मनुष्यही पुढचा विचार करतो, मार्ग शोधतो, कागद जुळवतो. फरक एवढाच, की त्याचे साधन खरे नसते. साध्य कितीही चांगले असले, तरी खोट्या साधनाने गाठलेले चांगले हे विवेकाचे काम ठरत नाही, असे ते बजावतात.

मला वाटते, भाड्याच्या शिल्लकेचा खरा दोष हाच आहे. ती आपल्याला हिशेब केल्याचे समाधान देते आणि हिशेबापासून सुटकाही देते. जर्मनीच्या त्या खात्याची अट पुष्कळांना जाचक वाटते. पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे : ठेवलेला पैसा परत सावकाराकडे जाऊ शकत नाही, तो मुलाच्या भाकरीसाठीच उरतो. कायदा जे सक्तीने करवून घेतो, ते प्रेमाने स्वतःहून करायला हवे.

जो रकाना कोणी लिहीत नाही

अंदाजपत्रकात फी असते, भाडे असते, तिकीट असते. 'हे कोणी सोसायचे?' हा रकाना मात्र नसतो.

आपल्या भागात ज्यांचे नाव घरोघर आदराने घेतले जाते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घेऊ. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती त्यांना तीन वर्षांसाठी मिळाली होती. त्या पैशात त्यांनी राहणे भागवले, ग्रंथ जमवले आणि ज्ञानाचे जे भांडार उभे केले, ते साऱ्या देशाच्या कामी आले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते प्राध्यापकाच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज घेऊन. हा एक बाजूचा हिशेब झाला. दुसरी बाजू मुंबईत होती. तिथे रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवीत होत्या. बाबासाहेबांच्या पदव्यांवर त्यांचे नाव नाही. पण त्या पदव्यांचा राहणीखर्च त्यांनीही भरला आहे. बाबासाहेबांना याची पूर्ण जाणीव होती, आणि ती जाणीव हाच त्या हिशेबाचा खरेपणा होता.

आपल्या घरांतून ही जाणीव असते काय? मुलाला परदेशी पाठविण्यासाठी तीन एकरांतले दोन एकर विकले जातात, तेव्हा त्या जमिनीत कोणाकोणाचे भवितव्य होते? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती घरातील मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच असतो. वडील हयात असताना जमीन विकणे हा त्यांचा अधिकार आहे, हे खरे. परंतु उद्या जे बहिणीलाही मिळाले असते, ते आज भावाच्या खोलीभाड्यासाठी जात आहे, हे तिला कोणी सांगितले? तिला विचारले? आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर गेली, धाकट्याची शिकवणी बंद झाली, आईने मंगळसूत्र गहाण ठेवले. त्याग वाईट नाही. आपला धर्मच त्यागावर उभा आहे. पण त्याग तो, जो कळून-सवरून, आपण होऊन केला जातो. न विचारता दुसऱ्याच्या वाट्याचे घेतले, तर त्याला वेगळे नाव आहे.

आपण म्हणतो, 'घरासाठीच तर चालला आहे.' तसे असेल, तर घरातल्या प्रत्येकाला तो आकडा कळू द्यावा. ज्याला पैसा भरायचा आहे, त्याच्यापासून हिशेब लपवून ठेवणे हा त्याच्या माणूसपणाचा अनादर आहे.

गरिबाने स्वप्नच पाहू नये काय?

इथे एक रास्त आक्षेप येतो. ज्याच्याजवळ काही नाही, त्याने असा हिशेब मांडला, तर उत्तर नेहमी 'जाऊ नकोस' असेच येईल. श्रीमंताचा हिशेब जुळतो, गरिबाचा कधीच जुळत नाही. मग हिशेबाची ही शिकवण गरिबाला जागच्या जागी बसवून ठेवण्याची शिकवण ठरणार नाही काय? पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांच्यामागे ना घर होते, ना संपत्ती. 'स्त्रीधर्मनीति' हे आपले पुस्तक विकून आलेल्या पैशातून त्यांनी प्रवासाची सोय केली. त्या जर खात्यातील शिल्लक पाहत बसल्या असत्या, तर?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. ख्रिस्तसभेनेही तो हलका मानलेला नाही. संत पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ च्या 'पाचेम इन तेर्रिस' या विश्वपरिपत्रकात रास्त कारणासाठी दुसऱ्या देशात जाऊन राहणे हा माणसाचा हक्क मानला. तेव्हा जाणे हा लोभ आणि थांबणे हे पुण्य, अशी वाटणी आपल्याला करता येत नाही. रमाबाईंनी धोका पत्करला. पण त्यांनी जे पणाला लावले, ते स्वतःचे होते आणि ते किती आहे, हे त्यांना ठाऊक होते. धाडस आणि उतावळेपणा यांत हाच फरक आहे. धाडसी माणसाला किंमत ठाऊक असते आणि तरीही तो जातो. उतावळा मनुष्य किंमत कळू नये म्हणून डोळे मिटतो. हिशेबाचे उत्तर 'जाऊ नकोस' असेच असावे, असे नाही. पुष्कळदा ते 'एक वर्ष थांब', 'आधी इथे नोकरी करून काही साठव', 'फी नसलेले विद्यापीठ शोध', 'शिष्यवृत्ती मिळाली तरच जा' असेही असते.

परंतु आक्षेपातील दुसरा अर्धा भाग आपल्या सर्वांवर येतो. एखाद्या हुशार पण गरीब मुलीचा हिशेब जुळत नसेल, तर तो जुळवण्याची जबाबदारी तिच्या एकटीची आहे काय? १९१८ साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक समाजाने पतसंस्था उभी केली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. गरजू माणूस सावकाराच्या दारी जाऊ नये, म्हणून समाजाने आपापले थोडे थोडे एकत्र केले. आपले धर्मग्राम लहान आहेत, विखुरलेले आहेत, श्रीमंत तर नाहीतच. पण दहा कुटुंबे मिळून एका मुलीला बिनव्याजी तिकिटाचे पैसे देऊ शकतात. परदेशात आधी गेलेला मुलगा मागून येणाऱ्याला भाड्याचा आणि किराण्याचा खरा आकडा कळवू शकतो. गरिबाचा हिशेब सगळ्यांनी मिळून करायचा असतो. जो समाज विमानतळावर हार घालायला येतो आणि अंदाजपत्रकाच्या वेळी गप्प बसतो, त्याचे कौतुक स्वस्त असते.

परतीची वाट

लूकच्या शुभवर्तमानात बुरुजाच्या दृष्टान्तानंतर लगेचच्या अध्यायात दूरदेशी गेलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट आहे. ती आपण पश्चात्तापाची गोष्ट म्हणून वाचतो. आजच्या विषयाच्या दृष्टीने ती पुन्हा वाचून पाहावी. त्या मुलाने आपला वाटा मागून घेतला आणि तो परदेशी गेला. तिथे त्याने पैसा उधळला, हा त्याचा दोष. पण नंतर त्या देशात दुष्काळ पडला, हा त्याचा दोष नव्हता. मिळेल ते काम धरूनही पोट भरेना. मग तो भानावर आला. आणि भानावर येऊन त्याने पहिली गोष्ट कोणती केली? त्याने हिशेब केला. बापाच्या घरी मजुरांनाही पोटभर भाकरी आहे आणि मी इथे उपाशी मरतो आहे, अशी त्याने तुलना केली. निघताना न केलेला हिशेब त्याने डुकरांच्या कळपात बसून केला. त्याच हिशेबाने त्याला घरची वाट दाखवली.

आपली मुले अशी उधळी नसतात. बहुतेक फार कष्टाळू असतात. पण दुष्काळ त्यांच्याही देशात पडतो. मंदी येते, नोकरी जाते, व्हिसा मिळत नाही, प्रकृती ढासळते. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी पदवी घेऊन परतल्या. पण क्षयाने पोखरलेल्या शरीराने, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. अशा वेळी मुलाला परतावेसे वाटते आणि परतता येत नाही. कारण गावात हार घालून निरोप दिलेला असतो, जमीन गेलेली असते. फोनवर तो सांगतो, 'मी मजेत आहे.' आई सांगते, 'आम्ही मजेत आहोत.' दोघेही प्रेमापोटी खोटे बोलतात आणि दोघेही एकटे पडतात. जाण्यापूर्वी आकडा लपवला, की गेल्यावर दुःखही लपवावे लागते.

म्हणून अंदाजपत्रकाच्या शेवटी परतीच्या तिकिटाची रक्कम वेगळी लिहावी आणि तिला कोणीही हात लावू नये. त्या रकमेहून महत्त्वाचा शब्द आईवडिलांनी मुलाला द्यावा : जमले नाही तर ये, दार उघडे आहे, तुझा हिशेब चुकला तरी तू आम्हाला चुकलेला नाहीस. दृष्टान्तातील बापाने मुलाला पैशांचा जाब विचारला नाही. पण त्या बापाचे औदार्य आपल्याला हवे असेल, तर बापाची दूरदृष्टीही हवी. त्याच्या घरात अजून वासरू शिल्लक होते. सारेच विकून बसलेल्या घराला स्वागताची इच्छा असूनही स्वागत करणे जड जाते.

थांबण्याचाही हक्क असतो, हे शेवटी सांगितले पाहिजे. पोप बेनेडिक्ट सोळावे आणि पोप फ्रान्सिस या दोघांनीही स्थलांतरितांसाठीच्या आपल्या संदेशांतून स्वतःच्या मायदेशी सन्मानाने राहता येण्याच्या हक्काचा आग्रह धरला होता. जो मुलगा हिशेब करून नांदेडला किंवा लातूरलाच राहतो, तो मागे पडला असे मानू नये. आणि जी मुलगी हिशेब करून जाते, तिला निर्धास्त मनाने निरोप द्यावा.

परदेशाचा विचार ज्या घरात चालू असेल, त्या घराला माझी एवढीच विनंती आहे. एका संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांनी एकत्र बसावे, लहानांनी आणि आजी-आजोबांनीही. कागदावर खरे आकडे लिहावेत : फी, भाडे, अन्न, कर्जाचा हप्ता, परतीचे तिकीट. मग प्रत्येक आकड्यासमोर तो कोण भरणार, त्याचे नाव लिहावे. ज्याचे नाव लिहिले, त्याच्याकडे पाहून ते मोठ्याने वाचावे आणि त्याच्या होकाराची वाट पाहावी. सगळ्यांचा होकार आला, तर पाया घालायला हरकत नाही. देवाकडे मागण्यासारखे त्यानंतरही पुष्कळ उरते.